रिफंड आला, आधी कोणाचं देणं फेडायचं?

"रिफंड उना का भाऊ?"

पावसाळ्यात सुरतच्या पर्वत पाटियाच्या चौकात चहाला थांबलं की हा प्रश्न कानावर येतोच. विचारणारा अमळनेरकडचा असतो, पारोळ्याचा असतो, नाहीतर शिरपूर-शहाद्याकडचा. मार्केटात दिवसभर हिंदी-गुजराती बोलून दमलेली जीभ टपरीवर आली की अहिराणीवर उतरते. ताप्तीलाईनने उधन्याला उतरलेल्या आपल्या माणसांनी लिंबायत, गोडादरा, डिंडोली आणि हा पर्वत पाटिया असा सगळा पट्टा दोन-तीन पिढ्यांत भरून टाकला. कोणी साड्यांच्या दुकानात पगारावर आहे, कोणी दलालीत आहे, कोणी चार मशीनं टाकून लेसपट्टीचं जॉबवर्क करतो. घरोघरी बायका साड्यांना टिकल्या-स्टोन लावत बसलेल्या असतात.

मी याच भागात लोकांची रिटर्नं भरून देतो. रिफंड कधी येणार हे सगळे विचारतात. आल्यावर त्याचं काय करायचं, हे क्वचित कोणी विचारतं. कारण ते आधीच ठरलेलं असतं: नवा मोबाईल, कानबाईच्या सणाला गावाकडे जायचं म्हणून कपडे, गणपतीची वर्गणी जरा हात सैल सोडून. देणी होती तिथेच राहतात. मी काही वेगळा नव्हतो. माझा पहिला रिफंड अकरा हजारांचा होता. तो डाउन पेमेंट म्हणून भरला आणि टीव्ही आणला, उरलेल्या पैशांचे हप्ते बांधून. रिफंड एका दिवसात संपला, हप्ते पुढे चौदा महिने चालले, आणि वडिलांनी गावी शेकडा तीनने काढलेले पैसे त्या वर्षीही तसेच राहिले. क्रिकेट मात्र छान दिसायचं.

रिफंड म्हणजे बोनस नव्हे, हे आधी डोक्यात बसवून घ्या. तो तुमचाच पैसा आहे, जास्तीचा कापला गेलेला. आपल्या भागात तो कसा कापला जातो ते बघा. जॉबवर्कचं बिल तुम्ही पार्टीला देता. पार्टी मोठी असेल तर ती तुमच्या पेमेंटमधून एक टक्का टीडीएस कापून सरकारकडे भरते. दलालीवर आता दोन टक्के कापतात. १ ऑक्टोबर २०२४ च्या आधी पाच टक्के कापायचे. मुदत ठेवीच्या व्याजावर बँक दहा टक्के कापते, आणि पॅन दिलेला नसेल तर वीस. आता वर्षाला १८ लाखांचं जॉबवर्क बिल फाडणाऱ्या माणसाच्या हातात कारागिरांचा पगार, वीज, दोरा, गाळ्याचं भाडं जाऊन चार लाख उरत असतील, तर नव्या पद्धतीत त्याला कर शून्य लागतो. पण बिलावर एक टक्का म्हणजे १८ हजार कापले गेलेलेच असतात. रिटर्न भरलं नाही तर ते परत मिळत नाहीत. "माझा कर बसतच नाही, मग रिटर्न कशाला?" असं म्हणणारे लोक दरवर्षी भेटतात, आणि त्यातल्या निम्म्यांचे पैसे सरकारकडे पडलेले निघतात.

सरकार त्या पैशांवर महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं. रिटर्न मुदतीत भरलं असेल तर हे व्याज १ एप्रिलपासून मोजतात, आणि पुढच्या वर्षी ते व्याज उत्पन्नात दाखवावं लागतं. २४ हजारांवर महिन्याला १२० रुपये. त्याच घरात त्याच महिन्यात क्रेडिट कार्डाची २२ हजारांची थकबाकी असेल आणि कार्डाचा दर महिन्याला साडेतीन टक्के असेल, तर व्याज ७७० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे नऊशेच्या वर. तुमचे पैसे सरकारकडे १२० रुपयांनी राबतात आणि तेवढेच पैसे तुम्ही बाहेरून ९०० रुपयांनी वापरता. मला या विषयात जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. बाकीचा लेख म्हणजे हा फरक कुठे आणि कसा बुजवायचा त्याचा तपशील.

कॅलेंडरची पाठ

रिफंड यायच्या आधी, आल्यावर नव्हे, एक रविवार काढा. मार्केटात दिवाळीला वाटतात ते मोठं कॅलेंडर घरात असतंच. त्याचं एक गेलेलं पान फाडून उलटं करा. नवरा-बायको दोघांनी बसा, आई-वडील व्यवहारात असतील तर त्यांनाही घ्या. घरात असं बसणं होत नाही, आणि अर्ध्या कर्जाचं मूळ तिथेच असतं. मी बसवलेल्या अशा बैठकांमध्ये एकदा तरी हमखास कोणीतरी म्हणतं, "हे मला माहीतच नव्हतं." वहिनींनी ग्रुपमधून घेतलेलं लोन भाऊंना माहीत नसतं, भाऊंनी मोबाईलच्या ॲपवरून घेतलेले आठ हजार वहिनींना.

प्रत्येक देण्यापुढे तीन गोष्टी लिहा: किती उरलंय, महिन्याला किती जातंय आणि वर्षाचा दर किती. तिसऱ्या रकान्यापाशी सगळे अडखळतात. आपल्याकडे "दोन टक्के" म्हटलं की ते महिन्याचे असतात, शेकडा दोन, म्हणजे वर्षाचे चोवीस. बँकवाला "नऊ टक्के" म्हणतो ते वर्षाचे. गावचा सावकार "फक्त तीन टक्के" म्हणतो तेव्हा तो बँकेच्या चौपट दर सांगत असतो, आणि ऐकणाऱ्याला तो बँकेच्या तिसऱ्या हिश्शाचा वाटतो. म्हणून कागदावर सगळे दर वर्षाचे करून लिहा. महिन्याच्या दराला बाराने गुणा, पुरे.

समजा एका घराचं पान असं निघालं. हिशेब समजावण्यापुरतं रचलेलं घर आहे, पण यातला एकही आकडा पर्वत पाटियाला परका नाही. जॉबवर्कचा रिफंड १८ हजार, घरातल्या दुसऱ्याच्या दलालीवरचा ६ हजार, एकूण २४ हजार. देणी: डायरीचे ७ हजार उरलेत. क्रेडिट कार्ड २२ हजार. पोत आणि बांगड्या गहाण ठेवून घेतलेलं सोन्यावरचं कर्ज ६० हजार, वर्षाला १२ टक्के. घराचं कर्ज ११ लाख, ९ टक्के, अजून १२ वर्षं. आणि शालकाकडून हातउसने ३० हजार, बिनव्याजी.

घरातल्या प्रत्येकाचं मत वेगळं पडतं. बाईला पोत सोडवायची असते. बापाला वाटतं घराचं कर्ज सगळ्यात मोठं, तिथेच भरावं. भाऊंना रोज दुकानावर येऊन उभा राहणारा डायरीवाला डोळ्यांसमोर नको असतो. कार्डाचं नाव कोणीच घेत नाही, कारण कार्डवाला दारात येत नाही आणि दर महिन्याला "किमान रक्कम भरा" एवढंच गोड बोलतो.

डायरी आधी फेडू नका

डायरी म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. गावाकडच्या वाचकांसाठी सांगतो. छोट्या वहीत शंभर चौकोन आखलेले असतात. २० हजारांची डायरी घेतली की हातात १८ हजार मिळतात, दोन हजार आधीच कापलेले. मग रोज दोनशे रुपये, शंभर दिवस. पैसे घेणारा पोरगा स्कूटीवरून येतो आणि चौकोनात सही मारून जातो. घेणाऱ्याला वाटतं, वीस हजारांवर दोन हजार, म्हणजे दहा टक्के. पण पहिल्या दिवसापासून मुद्दल परत जायला लागतं. पन्नासाव्या दिवशी तुमच्या हातात निम्मेही उरलेले नसतात आणि व्याज मात्र पूर्ण रकमेचं मोजलेलं असतं. नीट हिशेब केला तर हा दर वर्षाला पाऊणशे टक्क्यांच्या वर जातो.

मग हेच आधी फेडायला नको का? नको. व्याज पहिल्याच दिवशी कापून घेतलंय. उरलेले ३५ दिवसांचे ७ हजार आज एकदम दिले तरी ७ हजारच द्यावे लागतात. सुटणारं व्याज काहीच नाही. डायरीवाल्याला विचारून बघा, "एकरकमी दिले तर किती सोडशील?" त्याने हजारभर सोडले तर द्या, नाहीतर चौकोन भरू द्या. डायरीच्या बाबतीत खरा निर्णय शेवटच्या चौकोनापाशी असतो. त्या दिवशी तो म्हणतो, "भाऊ, नवी काढू का?" तिथे नाही म्हणायचं. रिफंडचा उपयोग तिथे, नाही म्हणायला बळ देण्यापुरता.

डायरीवाला किंवा व्याजवाला धमकावत असेल, कोरा चेक धरून बसला असेल, तर वेगळं. गुजरातमध्ये सावकारीला परवाना लागतो, त्यासाठी २०११ चा कायदा आहे. जानेवारी २०२३ मध्ये गुजरात पोलिसांनी व्याजखोरांविरुद्ध राज्यभर मोहीम काढून लोकदरबार भरवले होते. तक्रार घेणं पोलिसांना नवं नाही. एकटे जाऊ नका, समाजातल्या दोन जाणत्या माणसांना बरोबर घ्या.

मग पहिला मान कार्डाला

आपल्या पानावर वर्षाला ४२ टक्के अधिक जीएसटी हा दर कार्डाचा आहे. २४ हजार सोन्याच्या कर्जात भरले तर वर्षात २,८८० रुपये वाचतात. घराच्या कर्जात भरले तर पहिल्या वर्षी २,१६० च्या आसपास. कार्डाचे २२ हजार मिटवले तर वर्षात जवळजवळ ११ हजार.

घराच्या कर्जाबद्दल बँकेतला माणूस दुसरं गणित मांडेल, आणि ते खोटं नसतं. ११ लाख, ९ टक्के, १२ वर्षं, हप्ता साधारण साडेबारा हजार. आज २४ हजार जादा भरले तर शेवटचे साडेपाच हप्ते सुटतात, म्हणजे बारा वर्षांत ४५ हजारांचं व्याज वाचतं. ऐकायला भारी वाटतं. पण कार्डावर वाचलेले ११ हजार एका वर्षाचे आहेत, आणि ते पुढच्या वर्षी तुम्ही घराच्या कर्जात भरू शकता. कार्ड मिटल्यावर घराकडे वळाल तेव्हा दोन गोष्टी ध्यानात असू द्या. बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला बँक दंड लावू शकत नाही. आणि जादा रक्कम भरताना लेखी सांगा, "हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा." हप्ता कमी करून घेतला तर ते पावणेतीनशे रुपये महिन्याला किराण्यात कधी विरले ते कळतही नाही.

पर्सनल लोन असेल तर आधी त्याचा कागद बघा. ठरलेल्या दराचं असेल तर आधी मिटवण्यावर दोन-चार टक्के आणि वर जीएसटी लागू शकतो. महिला ग्रुपच्या मायक्रोफायनान्स कर्जावर मुदतीआधी फेडण्याचा दंड घेता येत नाही, रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम आहे. तरी घेत असतील तर पावती मागा, बहुतेकदा पावती मागितली की दंड नाहीसा होतो.

कार्ड मिटवताना एक शब्द तोंडातून काढू नका: सेटलमेंट. वसुलीवाला म्हणतो, २२ हजारांऐवजी १४ भरा, विषय संपला. विषय संपत नाही. सिबिलवर "सेटल्ड" शिक्का बसतो आणि उद्या मशीनसाठी कर्ज मागायला गेलात की तो शिक्का तुमच्या आधी मॅनेजरच्या टेबलावर पोचलेला असतो. पूर्ण भरा, बाकी नसल्याचं पत्र घ्या.

पाच हजार डब्यात

आता माझ्याच सल्ल्याला एक खोट लावतो. सगळे २४ हजार कार्डात टाकू नका. घरात रोख काहीच शिल्लक नसेल तर आधी पाच हजार बाजूला ठेवा, १९ कार्डात भरा, उरलेले तीन पुढच्या पगारातून. हिशेबाच्या दृष्टीने ते पाच हजार वाया बसलेत हे मला कळतं. पण या भागात राहणाऱ्याला पावसाळ्याचा हिशेब वेगळा करावा लागतो. जून २०२५ मध्ये खाडीचं पाणी या पट्ट्यात घरांत शिरलं तेव्हा कपाटातल्या खालच्या खणात ठेवलेले कागद, मिक्सर, फ्रिजची मोटर, सगळं गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत रिंगरोडवरचं शिवशक्ती मार्केट जळलं, शेकडो दुकानं गेली, आणि त्या दुकानांच्या जिवावर चालणाऱ्या माणसांचा रोज बंद पडला. अशा आठवड्यात घरात पाच हजार नसले तर माणूस सरळ डायरीवाल्याला फोन लावतो. त्या एका फोनने रिफंडचं सगळं गणित उलटं फिरतं.

दवाखाना हे तर डायरीचं दुसरं दार. गुजरातमध्ये आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंतचे उपचार आहेत. अटीत बसत असाल तर कार्ड काढून ठेवा. आपल्यातल्या अनेकांचं रेशनकार्ड अजून गावाकडे असतं आणि नाव इथे नसतं, तो घोळ आजारपण यायच्या आधी निस्तरा. बँकेतून अपघात विमा वर्षाला २० रुपयांत आणि जीवन विमा ४३६ रुपयांत मिळतो. रिफंडमधले ४५६ रुपये तिथे गेले तर मी काही म्हणणार नाही.

पोत आणि शालक

पोत सोडवायची बाईची इच्छा हिशेबात मागे पडली म्हणून ती कमी खरी नाही. लग्नकार्यात नकली पोत घालून उभं राहणं काय असतं ते पुरुषांनी ठरवू नये. पण वाट बघा, ती लवकर येते. कार्डाला महिन्याला अडीच हजार जात होते, ते सुटले. डायरी संपली की रोजचे दोनशे, म्हणजे महिन्याचे सहा हजार सुटतात. हे साडेआठ हजार "आता जरा मोकळं झालं" म्हणून खर्चात जाऊ न देता सोन्याच्या कर्जात लावले तर ६० हजार सात-आठ महिन्यांत फिटतात. दिवाळीला कारागीर गावी जातात, लाभपाचम होईस्तोवर मशीनं बंद असतात, म्हणून दोन महिने जास्त धरा. पुढच्या आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आसपास पोत घरी.

सोन्याच्या कर्जात नुसतं व्याज भरून दरवर्षी पावती नवी करणारे खूप आहेत. पाच वर्षांत त्यांनी अर्ध्याहून जास्त मुद्दलाएवढं व्याज भरलेलं असतं आणि पोत अजून पाकिटातच असते. मुद्दलात थोडे थोडे का होईना भरा, आधी विचारून घ्या की तशी सोय त्या योजनेत आहे का. अडीच लाखांपर्यंतच्या कर्जात आता सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळू शकतात. सोनं महाग झालंय, म्हणून "वाढवून घ्या" असा फोन येईल. नाही म्हणा. आणि कर्ज पूर्ण फेडल्यावर सोनं त्याच दिवशी किंवा फार तर सात कामाच्या दिवसांत परत मिळालं पाहिजे. त्यांच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार भरपाईचा नियम रिझर्व्ह बँकेने केला आहे. सोडवताना पाकीट तिथेच उघडा, वजन करा, कड्या मोजा.

शालकाचे ३० हजार बिनव्याजी आहेत, म्हणून गणितात ते शेवटी. मी गणित जरा बाजूला ठेवीन. हातउसन्याचं व्याज पैशात लागत नाही; राखीला बहीण माहेरी गेली की वहिनीच्या बोलण्यात ते लागतं. त्यामुळे फोन करून सांगा, "दिवाळीनंतर महिन्याला दोन हजार देतो," आणि दिवाळीनंतर खरंच द्या. रिफंड आल्याची बातमी नात्यात लपत नाही, आणि घेणेकऱ्याला ती दुसऱ्याकडून कळली की मग काहीही सांगा.

भिशी चालू असेल तर ती मोडू नका. पण कर्ज फेडायला म्हणून पहिल्याच महिन्यात तोट्याची बोली लावून भिशी उचलण्याचा प्रकार चालतो, तो तोटाही वर्षाच्या दरात मोजा. बहुतेकदा तो कार्डाच्या जवळ जातो.

रिफंड खरंच आपल्या हातात यावा म्हणून

इतका सगळा बेत करून रिफंड अडकतो तो किरकोळ कारणाने. खातं आयकराच्या पोर्टलवर आधी पडताळलेलं लागतं, पॅन-आधार जोडलेलं लागतं, दोन्हीकडचं नाव सारखं लागतं. आपल्याकडे बापाचं नाव मधे आणि आडनाव शेवटी, बँकेत उलटं, आधारवर "भाई" जोडलेलं. एवढ्यावरून पडताळणी फसते. विलीन झालेल्या बँकांचे जुने आयएफएससी कोड अजून लोकांच्या पासबुकावर आहेत, देना बँकेची खाती तर इथे पुष्कळ होती. नवा कोड टाका.

दुसरं, ज्या खात्यातून हप्ते आपोआप कटतात आणि एखाददुसरा हप्ता परत गेलेला आहे, त्या खात्यात रिफंड मागवू नका. सकाळी आलेले पैसे दुपारी दंड, किमान शिल्लक आणि जुना हप्ता यांत वाटले जातात आणि तुमच्या कॅलेंडरच्या पानावरचा क्रम बँक ठरवते. दुसरं खातं द्या.

जुन्या वर्षाची कराची मागणी पोर्टलवर दिसत असेल तर आयकर खातं रिफंडमधून ती वळती करू शकतं, आधी नोटीस येते. ती वाचा. चुकीची असेल तर मुदतीत हरकत नोंदवा.

आणि "तुमचा रिफंड मंजूर झाला, लिंकवर खातं तपासा" असा मेसेज आला तर हात लावू नका. १५,४९० रुपये मंजूर झाल्याचा असाच एक खोटा मेसेज २०२३ मध्ये देशभर फिरला होता, सरकारला जाहीर खुलासा करावा लागला. आयकर खातं मेसेजवर ओटीपी किंवा पिन मागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा, तासातासाने पैसे लांब जातात.

यापेक्षा जवळचा धोका मार्केटातच बसलेला असतो. "माझ्याकडून रिटर्न भर, चाळीस हजार रिफंड काढून देतो, मला दहा टक्के." हा माणूस तुमच्या नावावर न दिलेली देणगी, न भरलेला विमा, न दिलेलं घरभाडं दाखवतो. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने अशा खोट्या वजावटींसाठी देशभरात १५० ठिकाणी कारवाई केली, त्यात गुजरात आणि महाराष्ट्र दोन्ही होते. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४० हजार करदात्यांनी १,०४५ कोटींचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. पकडलं गेलं तर कर, व्याज आणि चुकवलेल्या कराच्या दुप्पट दंड. दहा टक्के घेतलेल्या माणसाचा फोन तेव्हा लागत नाही. त्या रिफंडने तुम्ही कार्ड मिटवलं असेल तर तुम्ही एक देणं मिटवून त्याहून मोठं देणं उभं केलं, तेही सरकारचं. असा रिफंड पूर्वी घेतला असेल तर अद्ययावत विवरण भरायला आता चार वर्षांपर्यंत मुदत आहे, नोटीस यायच्या आत भरून मोकळे व्हा.

पुढच्या वर्षी रिफंड कमी येऊ द्या

लोकांना मोठा रिफंड आवडतो. मला तो आवडत नाही. वर्षभर तुम्ही चढ्या व्याजाने पैसे वापरता आणि तुमचे स्वतःचे अर्ध्या टक्क्यावर पडून राहतात, याचा आनंद कसला? बँक ठेवीवर कर कापला जातो आणि कर बसत नाही, तर वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत घोषणापत्र द्या. साठीच्या पुढच्या आई-वडिलांचा फॉर्म पूर्वी वेगळा असायचा. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा नवा आयकर कायदा लागू झालाय, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत, म्हणून जुना नंबर पाठ असेल तरी काउंटरवर विचारून घ्या. जॉबवर्क आणि दलालीवरचा टीडीएस घोषणापत्राने थांबत नाही. त्यासाठी कमी दराने कापण्याचा दाखला आयकर खात्याकडून आधी घ्यावा लागतो. अठरा हजारांसाठी ती खटपट करावी असं मी म्हणणार नाही. लाखाच्या घरात कापला जात असेल तर जरूर करा. बाकी सगळ्यांनी एवढं केलं तरी चालेल: रिटर्न मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर न ठेवता लवकर भरा. पार्टीने टीडीएस भरलाय का हे पोर्टलवर वार्षिक माहितीपत्रकात दिसतं. कापला आणि भरला नाही असं दिसलं तर शेठला तेव्हाच फोन करा. मार्च उलटल्यावर शेठ सापडतो, त्याचा अकाउंटंट सापडत नाही.

रिटर्न भरलं, पोचपावती व्हॉट्सॲपवर आली, एवढ्यावर बरेच जण थांबतात. आधारच्या ओटीपीने ते ई-व्हेरिफाय करायला ३० दिवस असतात, आणि व्हेरिफायच न केलेलं रिटर्न भरलं नाही असंच धरतात. मागच्या पावसाळ्यात माझ्याकडे "रिफंड उना नही" म्हणत आलेल्यांपैकी तिघांचं एवढंच राहिलं होतं.